मावशींचा तिसरा पगार

२ फेब्रुवारी, रविवार

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं — गेल्या वर्षीच्या अर्पणाचा हिशेब या महिनाअखेरीस सगळ्या मंडळीपुढे वाचला जाईल. किती आलं, कुठे गेलं, एकेक कलम. आजवर पंचांच्या सह्या झाल्या की कागद कपाटात, आणि आपण सारे आमेन म्हणून घरी.

खरं तर मला आनंद व्हायला हवा. घरात हे टुमणं मीच लावलेलं. ह्यांचं उत्तर ठरलेलं — "देवाला सगळं दिसतं." मी म्हणायची, देवाला दिसतं हो, माणसांना दाखवावं लागतं. मी घरात काडेपेटीसुद्धा लिहिते. मग लोकांच्या घामाचा पैसा वाचून दाखवायला काय हरकत आहे?

पण खजिनदार हेच, कित्येक वर्षं. आणि आजवर कुणी विचारलं नाही ते आत्ताच का? बँकेतून निवृत्त झालेले भाऊ पहिल्या बाकावरून मान डोलवत होते. बाहेर पडताना म्हणाले, "वहिनी, विश्वास वेगळा आणि पावती वेगळी." म्हणजे हे खूळ त्यांचंच!

घरी येताना मीच ह्यांच्याशी विषय काढला. "कर नाही त्याला डर कशाला," मी म्हटलं. नुसते हसले.

५ फेब्रुवारी

दूध, भाजी, चपलेचा अंगठा. हिशेब जुळला.

"दूधवाल्याचे पैसे दिलेस का?" ह्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी खेकसले.

८ फेब्रुवारी, शनिवार

चर्च झाडणाऱ्या मावशी दारात. कडेवर तान्हा नातू.

"साहेबांना दाखवायला आणलाय, ताई. त्यांच्यामुळे लेकीचं बाळंतपण निभावलं."

मी विचारलं, ह्यांनी काय केलं?

"डिसेंबरात तीनदा पगार दिला की."

तीनदा. मला वाटलं मावशींचंच काही चुकतंय. पण नाही. पहिल्या तारखेला दिला. आठवड्याने पुन्हा बोलावलं, तसंच पाकीट, तसंच "मोजून घ्या, मावशी." मग पुढच्या आठवड्यात पुन्हा.

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

मावशींनी बाळाचं टोपरं सारखं केलं. "ताई, त्याच दिवसांत मी गुडघे टेकून पैसे मागत होते. मला वाटलं, ऐकलं त्याने. आता देवाला उलटं विचारायचं का, मोजण्यात चूक झाली का म्हणून?"

तेवढ्यात हे आतून आले. बाळाला घेतलं, नाव विचारलं. मावशींनी सांगितलं. चहा होईपर्यंत पुन्हा विचारलं — "नाव काय ठेवलंत?" मावशींनी पुन्हा तितक्याच हौसेने सांगितलं. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

९ फेब्रुवारी

दोन पगारांची तूट. वाचताना निघणारच.

लोक म्हणतील पैसे खाल्ले. नाहीतर म्हणतील ह्यांचं डोकं चालत नाही. पहिलं खोटं आहे, ते मी सोसीन. दुसरं —

१० फेब्रुवारी

डब्यातले पैसे काढले. कपडे धुवायच्या मशीनसाठी साठवत होते. मनगटं पिळवटून निघतात हल्ली. तूट भरून वर थोडे उरतात. चर्चच्या कपाटाची किल्ली आपल्याच घरात. जाऊन ठेवायचे, झालं. कुणाचं काय गेलं? मशीन काय, पुढच्या वर्षी.

१२ फेब्रुवारी

नाही ठेवले. कपाट उघडलंही होतं. पण रक्कम ठेवली की लिहायला हवी. जमा — कुणाकडून? कशाबद्दल? काडेपेटी लिहिणाऱ्या बाईला एक ओळ सुचेना. हिशेब जुळला असता आणि खोटा झाला असता.

रिकाम्या बाकावर बसून प्रार्थना केली. प्रभू, ह्यांची लाज राख. एवढंच. माझी वेगळी आहे कुठे?

२२ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांनी हिशेबाचे कागद माझ्यापुढे ठेवले. "उद्या तू वाच. तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो."

"तुम्हाला बरं माहीत!"

"रोज ऐकतो ना."

दोघंही हसलो. मग मी म्हटलं, अहो, डिसेंबरात मावशींना — पुढे बोलवेना.

"जे झालं ते वाच," म्हणाले. आणि माझ्या पेनात शाई भरून दिली.

२३ फेब्रुवारी, रविवार

वाचलं. विजेचं बिल, छपराची डागडुजी, पाळकसाहेबांचं मानधन. मग झाडलोटीपाशी आले. कसंबसं म्हटलं, "मावशींना डिसेंबरात पगार तीनदा दिला गेला. खजिनदारांच्या विसरण्यामुळे. त्यामुळे दोन पगारांची तूट आहे."

खजिनदार म्हटलं. दुसरं काही म्हणवेना.

मागच्या दाराशी मावशी खाली मान घालून. बँकवाले भाऊ उठले. आता हे काय बोलतात! मी समोरचं टेबल धरलं.

"वहिनी, त्यांच्या घरी बाळंतपण होतं ना? मग चूक कशाला म्हणता, मदत म्हणून लिहा."

"नाही भाऊ. चूक ती चूकच लिहायची. मदत करायची तर मंडळीने आत्ता ठरवावं. मी वेगळं कलम घालीन."

"बरं झालं तुम्ही आमच्या बँकेत नव्हता," भाऊ म्हणाले. सगळे हसले, पाळकसाहेबसुद्धा. मग हात वर झाले. एकूण एक. मावशींनीही केला, शेजारणीने हळूच खाली ओढला.

यापुढे पैसे देताना दोन माणसं, दोन सह्या, तेही ठरलं. दुसरी सही माझी.

हे उठून माझ्याजवळ आले. "दमलीस?" म्हणत कागद हातातून घेतले. एवढ्या लोकांत! घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

२४ फेब्रुवारी

बँकवाले भाऊ भाजीच्या दुकानात भेटले. मी मोकळेपणाने सांगून टाकलं — हिशेब वाचायचं तुम्ही काढलंत म्हणून राग होता, आता नाही.

भाऊ बघतच राहिले. "मी कुठे काढलं? तुमच्याच ह्यांनी. जानेवारीत पाळकसाहेबांकडे आले, मी तिथेच होतो. म्हणाले, 'आता माझ्या भरवशावर राहू नका. सगळ्यांपुढे वाचत जा. तिला एवढ्यात सांगू नका, घाबरेल.'"

घरी आले. ह्यांनी विचारलं, दूधवाल्याचे पैसे दिलेस का? दिले, म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

दिले हो, म्हटलं.