पुढच्या चाळीचा टोप

शनिवार संध्याकाळ, डिलाईल रोड

उद्या मतदान. आमची मागची चाळ पुढच्या चाळीपासून फुटून वेगळी सोसायटी करणार की नाही? महिनाभर मीच घरोघर फिरलो, सगळ्यांना नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. फुटायचंच!

आणि काल शेजारचे सावंतकाका गेले. त्यांच्या घरी चूल बंद. पिठलं-भाताचा टोप नेहमीसारखा पुढच्या चाळीतूनच आला. तिकडचे लोक आम्हा सगळ्यांना वाढून गेले.

आज आमच्याच चाळीतल्या परबकाकू दारात. "त्या पिठल्याचो घास उतरना नाय रे. नारळावरची शपथ मोडता येता काय?"

"नाही," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पहिला हात माझाच होता.

टोप घासून ठेवलाय. उद्या मत देऊन तो परत करायला मलाच जायचंय.