पेटीवरचं नाव

आई, गेल्या बुधवारी मला तू फाडलेलं ते पान आठवलं. मी सहावीत होते. अक्षर बरं म्हणून तुमच्या बचत गटाची हजेरी माझ्याकडे. मी आपली 'गिरणीवाली काकू', 'सोनारांची सून' असं लिहून मोकळी. तू चहाचं आधण ठेवता ठेवता वहीत डोकावलीस आणि पानच फाडलंस. "बायकांना नावं असतात. जा, विचारून ये," म्हणालीस. सगळ्यांसमोर मला रडू फुटलं. गिरणीवाल्या काकूंना स्वतःचं नाव सांगायला क्षणभर थांबावं लागलं, आणि सांगून झाल्यावर त्या लाजल्या. मला मात्र पुढे कितीतरी दिवस तुझा रागच येत राहिला.

इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये आम्हा सात-आठ जणींचाही एक गट आहे. नवरे गाड्यांच्या कारखान्यात, आणि आम्ही दर बुधवारी सकाळी वाचनालयाच्या खोलीत. कुणाचा फॉर्म भरून दे, कुणाबरोबर डॉक्टरकडे जा, कुणाचं नुसतं ऐकून घे. बालवाडीच्या शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायचं म्हणून मी अर्ज केला, तोही गटातल्या ह्या बायकांनीच मागे लागून करून घेतलेला. दीड महिना उत्तर नाही. आता आपल्याला कोण घेणार, असं म्हणून मी मनातून तो विषय संपवला होता. तेव्हा आमच्यातल्या थोरल्या वहिनींनी विचारलं, "ब्रीफकास्टनवर, म्हणजे दारातल्या पत्रपेटीवर, तुझं नाव आहे ना गं?"

नव्हतं. पासपोर्टवर माझं माहेरचं आडनाव, पत्रपेटीवर फक्त नवऱ्याचं. पेटीवर नाव नसेल तर इथला पोस्टमन पत्र परत पाठवतो. या नव्या घरी आलो तेव्हा पाटीवर काय लिहायचं ते इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने मलाच विचारलं होतं, आणि मीच एक आडनाव सांगून मोकळी झाले होते.

वहिनींनी तिथल्या तिथे प्रशिक्षण संस्थेला फोन लावून माझ्या हातात दिला. त्यांचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं, पण बोलायला त्यांनी मलाच लावलं. पलीकडच्या बाईंनी पहिलं विचारलं ते नाव. मीही क्षणभर थांबले. मग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. पत्र खरंच परत गेलं होतं, मुलाखतीचा दिवसही टळून गेला होता. पण दुसरा मिळाला, येत्या सोमवारचा. दुपारी सगळ्याजणी आमच्या दारात आल्या आणि पेटीवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. अक्षर माझंच.

हे पत्र टाकायला कुठलीच पेटी नाही, म्हणून एक गोष्ट लिहायला धजते. तू गेलीस तेव्हा चौकातल्या फळ्यावर श्रद्धांजलीला काय लिहायचं, ते गटातल्या बायका मला विचारायला आल्या. मी बाबांचं नाव सांगितलं आणि पुढे 'यांच्या पत्नी'. खडू गिरणीवाल्या काकूंच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मग तसंच लिहिलं.

तुझं नाव मी सांगितलंच नव्हतं, आई.