दलदलीतले तुकडे

प्रिय खारूताई,

माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीस, हे वाचलं. त्याचं उत्तर देतेच, पण आधी बातमी ऐक. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी घोडं अडलं की वनखात्याला माझी आठवण येते. नदीकाठच्या जंगलात लाकूड किती आहे, यावर तोडीचा परवाना ठरणार होता. सगळं जंगल कोण मोजणार? म्हणून नकाशावर चिठ्ठ्या टाकून थोडे तुकडे निवडायचे, तेवढ्यातल्या झाडांचे घेर मोजायचे आणि त्यावरून बाकीच्याचा अंदाज बांधायचा. लहानपणी माझ्या चिठ्ठ्या तूच काढायचीस, आठवतं? एकदा रुसून सगळ्या फ्रॉकच्या खिशात घालून शाळेत निघून गेलीस आणि आमची जीप दारातच खोळंबली.

तर या वेळी अंदाज भलताच घसघशीत आला. साहेब खूश. मला मात्र चैन पडेना. मोजणारी पोरं हुशार, टेप बरोबर छातीच्या उंचीवर लावतात, आकडेमोड चोख. मग माझं लक्ष त्यांच्या बुटांकडे गेलं. नदीकाठचं जंगल मोजून आले आणि बूट कोरडे ठणठणीत! जरा दरडावल्यावर कबूल झाले. चिठ्ठीत दलदल निघाली की तुकडा हळूच सरकवायचा आणि पायवाटेजवळ, कोरड्या जागी घ्यायचा. तिथे झाडं जाडजूड, दलदलीत नुसत्या काटक्या. असे आणखी दोनशे तुकडे मोजले असते तरी चूक कमी झाली नसती, तिच्यावरचा विश्वास तेवढा वाढला असता.

मग मीच पुढे झाले. गुडघाभर चिखल, डास, आणि मागून तिशीतले गडी धापा टाकताहेत. नवा अंदाज जवळजवळ निम्म्यावर आला आणि तोड थांबली. साहेबांचं तोंड कडू झालं. होऊ दे.

आता तुझं बघ. तू येतेस कधी? शेजारच्या काकूंनी फोन केला की. मला ताप होता तेव्हा, मी बाथरूममध्ये घसरले तेव्हा, दूध उतू जाऊन गॅस विझला आणि मला कळलंच नाही तेव्हा. पोरांनी दलदल टाळली, तू दलदलच तेवढी मोजतेस. शितावरून भाताची परीक्षा जरूर करावी, पण दर वेळी शीत करपलेल्या बुडातलंच का गं काढतेस? रागावले नाहीये. तुला धास्ती वाटते म्हणून धावत येतेस, हे कळतं मला. गॅसच्या दिवशी मीही घाबरले होते.

म्हणून हे पत्र. सोबतच्या पिशवीत वर्षातल्या प्रत्येक दिवसाची एकेक चिठ्ठी आहे. नुसते रविवार नाहीत, तेव्हा रजा काढावी लागेल. डोळे मिटून सहा काढ आणि त्या त्या दिवशी न कळवता ये. घर बघ, मला बघ, काय दिसेल ते मोज. दिवस वाईट निघाला तरी सरकवायचा नाही, मीही काही झाकणार नाही. बरेचसे चिखलाचे निघाले, तर मी स्वतः बॅग भरीन आणि तुझ्या त्या खोलीत राहायला येईन, एका शब्दाने कुरकुरणार नाही. पण तसं होणार नाही, मला खात्री आहे. आणि खरं सांगू? निकाल काहीही लागो, मला काहीही झालेलं नसताना तू सहा वेळा घरी येशील. मला त्याचाच मोह जास्त आहे.

तुझीच,
अजून बूट न धुतलेली आई