कोरड्या पायऱ्या

१४ जून, शनिवार
विनू आला लातूरहून. न कळवता. हातपाय धुतले, चहा घेतला, पोह्यांना नावं ठेवली, आणि मग सहज विचारल्यासारखं:
"अक्का, अण्णांची ती नदीची वही हाय का गं अजून?"
अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत धाकट्या भावाने त्यांचा चष्मासुद्धा मागितला नाही.
म्हणाला, पुस्तिका काढतोय. गोदावरीने आपला मुलूख कसा घडवला, इतिहास, संस्कृती, सगळं. लातूरची चार मंडळी सोबत आहेत.
कोण मंडळी?
"तू वळखत न्हाईस."
दिली वही. मागच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं ती नुसतीच हातात धरून उभी राहिले, मग दिली.

१५ जून
वही नाही, तर फडताळ रिकामं वाटतं. खरं तर तेवढी जागा दुसऱ्या कशानेही भरेल.
अण्णा कचेरीत जाण्याआधी रोज घाटावर जायचे. परत आले की टोपी खुंटीला, आणि वहीत तारीख व एक आकडा. बस. पाण्याच्या वर किती पायऱ्या कोरड्या उरल्या, तो आकडा. चाळीसपैकी. उन्हाळ्यात अडतीस, पावसाळ्यात दहा, आठ. आकडा लहान झाला की आई धान्याच्या कणग्या माळ्यावर चढवायला घ्यायची.
हैदराबादला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये असताना अण्णांची पत्रं यायची. शेवटची ओळ ठरलेली. 'आज सव्वीस कोरड्या.' सिस्टर पत्रं उघडून वाचायच्या. एकदा बोलावून विचारलं, हा काही गुप्त संदेश आहे का? मी म्हटलं, आमची नदी आहे. त्या हसल्या नाहीत.
ती पत्रं बिस्किटाच्या डब्यात आहेत. आज उघडून पाहिला. आहेत.

३ जुलै, गुरुवार
सुलोचना आली होती. नर्सच्या नोकरीतून सुटल्यापासून दर गुरुवारी येते. आज तोंड एवढं उजळलेलं, की मला वाटलं मुलीचं लग्न ठरलं.
"ताई, नदीकाठाला प्लॉट घेऊन राहिलेय! खिडकी उघडली की पाणी!"
सु.चं माहेर शिरूर अनंतपाळकडचं. लहानपण सगळं घागरींच्या रांगेत गेलं. आंघोळीचं पाणी झाडाला, झाडाचं… तिथे झाडंही नव्हती, म्हणते. तिला नदी म्हणजे काय, हे मला समजतं.
विचारलं, कुठे?
आमच्या मळईत. आमच्याच. जिथे पूर ओसरला की गाळात टरबुजं लागायची. विनूकडून घेतेय.
"भाऊनं तुम्हाला सांगितलं न्हाई?"
मी म्हटलं, सांगितलं. का म्हटलं, देव जाणे.
मग तिने पुराच्या पाण्याचं विचारलं. मी म्हणाले, अण्णांची वही आहे, ती खोटं बोलत नाही. हेही म्हणाले.

११ जुलै
पुस्तिका आली. विनूने नाही पाठवली, सु.ने दाखवली; प्लॉट घेणाऱ्यांना वाटताहेत. चकचकीत कागद.
पहिली आठ पानं इतिहास. राजे, ताम्रपट, तलम कापडाचा व्यापार, घाटावरचे साधू, निजामाचा अंमल. नदीला आई म्हटलंय सात वेळा. या सगळ्यात पाणी कुठेच नाही.
नदीने आम्हाला काय घडवलं, ते या गल्लीत दिसतं. जोती छातीएवढी उंच. कणग्या वर. पैलतीरी दिलेल्या मुलींची माहेरपणं दिवाळीनंतर, कारण नाव तेव्हा सुरळीत चालायची. नवी सून आधी गंगेला, मग चुलीला. आम्ही गोदावरी कधी म्हटलंच नाही. गंगाच. आणि तिच्या खालच्या अंगाला, मळईत, कुणी कधी घर बांधलं नाही. वाळूत वांगी लावली, खोपट टाकलं, जूनच्या आत मोडलं.
नववं पान: अण्णांच्या वहीचे फोटो. त्यांचं अक्षर! डोळे भरले, आधी ते झालं. मग खालची ओळ वाचली.
'पंचवीस वर्षांच्या रोजच्या नोंदी सांगतात, भर पावसाळ्यातही नदी दहा पायऱ्यांच्या वर चढली नाही.'
पानं फक्त ऑगस्टची. चार, सहा, नऊ, सात.
मे महिन्याचं एकही पान नाही. मेमध्ये अडतीस दिसले असते. उन्हाळ्यात नदी अडतीस पायऱ्या चढते का, हे कुणीही विचारलं असतं.

१२ जुलै
कदाचित छापणाऱ्याने ऑगस्टची पानं निवडली असतील. कदाचित विनू विसरला असेल. लातूरला राहून तीस वर्षं झाली त्याला.
सिस्टर म्हणायच्या, झोपण्याआधी मनाची झडती घ्या, संशयही कबूल करावा लागतो. करते. सख्ख्या भावावर संशय आहे.
पण बुडालेल्या पायऱ्या मोजायच्या कशा? गढूळ पाण्यात दिसतात थोड्याच? हे गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल. आणि विनू इथलंच शेंबडं पोर होता.

२७ जुलै, रविवार
फोन केला. वही कधी देतोस?
"आणतो की. राखीला येतोय. आन् अक्का, सातबाऱ्यावर तुझं नाव हाय, एक सही लागती. कागद घेऊनच येतो."
मळईत पाणी येतं, विनू.
"ते जुनं झालं. आता वर धरणं हायत. तू उगा जीवाला लावून घिऊन राहिलीस."
मग म्हणाला, अण्णांची पत्रं हायत ना तुझ्याकडं? ती पण दे. प्रदर्शनात लावू.
कसलं प्रदर्शन? आजवर हा शब्द निघाला नव्हता. आणि पत्रंच का? वहीत नुसते आकडे आहेत. 'कोरड्या' हा शब्द फक्त पत्रांत आहे.
बिस्किटाचा डबा तांदळाच्या पिंपात ठेवला. ठेवताना स्वतःची लाज वाटली.

९ ऑगस्ट, राखी
राखी बांधली. पुरणपोळी त्याने तीन खाल्ल्या. कागद टेबलावर, त्यावर पेन, टोपण काढून ठेवलेलं.
मी म्हटलं, आधी घाटावर जाऊन येऊ. नदीला नारळ द्यायचा राहिलाय.
"आत्ता? या गुडघ्यांनी?"
"याच गुडघ्यांनी."
पाणी चढलेलं, तांबडं, मधून एक अख्खं झाड वाहत गेलं. नारळ सोडला. मग, आई विचारायची तसं, त्याच्याकडे न बघता:
"किती रे?"
"सतरा."
लगेच. नकळत मोजून. वरून खाली, ओठ हलवत, हनुवटी प्रत्येक पायरीला जराशी खाली. अण्णा असेच मोजायचे.
मी मोजल्या. कोरड्या सतरा.
शेजारी कुणीतरी कुंकू सोडत होतं, ते पाण्यात क्षणभर दिसलं आणि गेलं.
परत येताना रिक्षात एवढंच म्हणाला, "अक्का, माझं लई अडकलंय गं त्यात."
काय अडकलंय, विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?
वही त्याने परत दिली. कागद न उचलता गेला. विसरला, की मुद्दाम ठेवले?

१० ऑगस्ट
सु.कडे गेले. पत्र नेलं. मी तेरा वर्षांची असतानाचं, अण्णांचं. 'आज चार कोरड्या. मळई पाण्याखाली, टरबुजवाल्यांचं खोपट वाहून गेलं, माणसं वर आहेत. तू अभ्यास कर.'
तिने दोनदा वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"तुम्हीच म्हटला हुता ना ताई, वही खोटं बोलत न्हाई म्हणून? त्याच जिवावर हो म्हटलं मी."
हो. मीच.
"मग आता वही खरी, का भाऊ खरा, का हे पत्र?"
वही खरीच आहे गं, म्हटलं. वाचणारा…
भाऊ आहे.
"आन् तुम्हाला मळई विकायचीच नसंल म्हणून तुम्ही असं सांगून राहिला तर?"
तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं. चहा न देता तिने मला कधी सोडलं नव्हतं. आज सोडलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
सु. आली नाही. मागच्या गुरुवारीही नाही.
कागद टेबलावरच. वर वही ठेवली आहे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. सही केलेली नाही. फाडलेलेही नाहीत.

२९ ऑगस्ट
वरून पाणी सोडलं म्हणतात. सकाळीच घाटावर गेले. गर्दी, फोटो काढणारी पोरं. एक अनोळखी बाई मला म्हणाली, "काकू, खाली जाऊ नका." मला!
कठड्याजवळ, लांब, सु. उभी दिसली. हाक मारली नाही. ती मोजत होती. बोट पुढे करून, एकेक.
घरी आले. वहीच्या शेवटच्या पानावर, अण्णांच्या आकड्यांखाली, तारीख आणि पाच असं लिहिलं.
फोनवर विनूचा निरोप आलेला. राखीनंतर पहिलाच.
'अक्का, आज किती?'
काळजीने विचारतोय? की मळईत गिऱ्हाईक आणायचंय आणि रस्ता उघडा आहे का ते बघतोय? बराच वेळ त्या तीन शब्दांकडे पाहत बसले. लहानपणी तापात असला की अंथरुणातून असंच ओरडून विचारायचा.
'पाच' लिहिलं. पाठवणार, तेवढ्यात थांबले. पुढे 'कोरड्या' लिहिलं. मग पाठवलं.
त्याने वाचलंय, तसं दिसतंय. उत्तर नाही अजून.