न विकली गेलेली लाखोळी

बाबा, लाखोळीची डाळ माणसाचे पाय कशी घेते हे मला आता पेशीपर्यंत जाऊन सांगता येतं. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते आणि मेंदू म्हणजे परीक्षेत काढायची एक आकृती होती. पुढे एमएस्सीला न्यूरोबायोलॉजी घेतली. दुसऱ्या वर्षी मॅडमनी प्रकल्पाचा विषय दिला, अन्नातली विषं आणि मज्जापेशी. माझ्या हातात आलेल्या कुपीतलं विष आपल्या धानाच्या बांधीत पिकणाऱ्या लाखोळीचं होतं. उंदराच्या मज्जारज्जूतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यांवर ते थेंबभर सोडायचं आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. पेशी एकमेकींना ग्लुटामेट नावाच्या रसायनाच्या हाती निरोप धाडतात. हे विष दिसायला त्याच्यासारखंच. पेशी फसते, निरोप आला समजून दार उघडते, कॅल्शियम आत शिरतच राहतं, आणि ती फुगून मरते. मेलेली परत येत नाही. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "वा, छान रिझल्ट आला." मला मात्र अंगणातून टाचा न टेकवता, गुडघ्यावर गुडघा घासत येणारा आपला सालगडी दिसत होता. मी त्यांना मामा म्हणायचे.

मी लहान होते, त्या वर्षी पावसाने दडी मारली होती. धान बांधीतच वाळलं, जमिनीतल्या ओलीवर टाकलेली लाखोळी तेवढी हाती आली. तुम्ही पोती बैलबंडीत घालून वडशाच्या बाजारात नेलीत आणि हट्ट करून मीही बसले. व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला, दाणे बघितले, परत टाकले. म्हणाला, "भाऊ, हे मी घेत नाई. विकाले बंदी आहे. रोज रोज खाल्ली तं पाय जातेत माणसाचे." तुम्ही म्हणालात, "मले काऊन सांगतं? मालूम हाय." मग मला भजी घेऊन दिलीत आणि बंडी घराकडे वळवलीत. मालूम हाय. हे दोन शब्द मी अजून गिळू शकलेले नाही.

घरात चूल एकच होती, भांडी मात्र दोन झाली. आपल्याला तूर. मामांना लाखोळीच्या पिठाची भाकर आणि लाखोळीचंच वरण, सकाळी तेच, संध्याकाळी तेच. आई एकदा भीत भीत म्हणाली, "त्यायलेबी थोडी तूर देत जाऊ." तुम्ही ताटातून मानही वर केली नाहीत. "मंग ते पोते का फेकून देऊ?" पावसाळ्याच्या तोंडाला मामांच्या पोटऱ्या ताठ झाल्या. चारचौघांत तुम्ही सांगितलंत, "काई नाई झालं त्याले, ढोंग करून राह्यला." झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, ते तुमच्यासारख्यांसाठीच असावं. पाडव्याला तुम्ही दुसरा गडी ठेवलात. अडाणी असतात तर मी तुम्हाला कधीच माफ करून टाकलं असतं. मला तुमचा राग येतो, बाबा, आणि तो कमी होत नाही.

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा मामांकडे गेले. ते दारातल्या खाटेवर बसले होते, काठी मांडीवर आडवी. मी त्यांना समजावून सांगितलं की पाय लाखोळीने गेले, कुणाची करणी नव्हती, त्यांचा आळस तर नव्हताच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "असंन बाई. पन तुह्या बाबानं उपाशी नाई ठेवलं. लोकायले तांदळाची कनकीबी भेटत नोती त्या साली मले मांगीन तितलं देल्लं. देवमाणूस होता."

वडशाची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. ती सांगायलाच तर मी गेले होते. हे पत्रही खरं तर त्यांनाच वाचून दाखवायला हवं, तुमच्या नावाने लिहून उपयोग काय. पण तिथे बसून माझ्याच्याने ते झालं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे. जमिनीच्या वाटणीपासून काका आणि आत्या तुमच्या नावाने बोटं मोडतात, आई तर तुमचं नावही काढत नाही. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारं आता तेवढं एकच माणूस उरलं आहे. मी खाटेजवळ सरकून बसले आणि म्हटलं, "मामा, अजून सांगा ना बाबांचं."