काशाच्या नाण्यांना चिंच

१२ जानेवारी, रविवार. तुमसर
फॉर्म भरला. २६ तारखेला भंडाऱ्याच्या वाचनालयात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन आहे. हे एस.टी.त कंडक्टर होते. गाडी जिथे मुक्कामी जाई, तिथून नाणी शोधून आणत. संस्थानांची, काशाची, एकूण अठ्ठावीस. कार्डावर ‘संग्राहक : कै. कृष्णराव’ लागलं की झालं. हळवेपणाने करत नाही. दीड वर्ष झालं, मी पूर्ण सावरले आहे.
संकल्प : रोज चार नाणी वाचून कुठली ते लिहायचं. सात दिवसांत काम फत्ते.

१४ जानेवारी
ग्वाल्हेरचं लगेच लागलं. हैदराबादचं उर्दूत. पुस्तकातल्या चित्राशी दोन तास ताडून पाहिलं. नाणं उलटं धरलं होतं. चष्म्याचा दोष.

१७ जानेवारी
सहाच झाली. नाणी काळी पडलीत, मी तरी काय वाचणार? हे नेहमी म्हणायचे, हात नोको लावू वो त्याले. घासायचा आळस, दुसरं काय! माझं माहेर भंडाऱ्याचं, बाबा पितळेचे हंडे-गुंड घडवायचे. मला कोणी घासायला शिकवू नये.
चिंच भिजत घातली.

१८ जानेवारी, सकाळी ११
चिंच, मीठ, राख. अठ्ठावीसही सोन्यासारखी! शेजारची सीताबाई म्हणाली, नाणे होय का पोरीच्या लगनाचे भांडे वो? जळते. उर्दू अक्षरं जरा झिजली. तशीही वाचता येत नव्हती.

२२ जानेवारी
भंडाऱ्याला नेली. प्रदर्शन भरवणारे धनंजय सर भिंगातून पाहतच राहिले. मला वाटलं, थक्क झाले. मग म्हणाले, काकू, कायले घासलं जी? तो काळा रंगच नाण्याचं वय होतं, तुम्ही धुऊन टाकलं. मी बाबांच्या गुंडांचं सांगितलं. ते म्हणाले, गुंडात पाणी भरतेत, काकू.
नाणी ठेवून घेतली, पण मांडणार नाहीत. सर लहान आहेत अजून. शिकतील.

२५ जानेवारी
सरांचा फोन. नाणी मांडतो म्हणाले, यांच्या नावासकट. पटलं शेवटी! नवी साडी काढली.

२६ जानेवारी, संध्याकाळी
टेबल अगदी दाराशी. यांचं नाव मोठ्या अक्षरांत. त्याच्यावर पाटी : ‘नाणी अशी घासू नयेत’.
लोक वाचून हसत होते. एक जण बायकोला म्हणाला, पाह्य वो, काय येडा माणूस होता, जमवून जमवून घासून ठेवले.
सरांना सांगितलं, यांनी आयुष्यात एक नाणं घासलं नाही. ते म्हणाले, राहू द्या जी काकू, कोण ओळखते? मी त्यांच्या खिशातलं पेन घेतलं. यांचं नाव खोडलं. खाली माझं लिहिलं : धुरपता.
‘र’ वाकडा आला. पेनच धड नव्हतं.