राजम्याची शिरगणती

ब्रॅकनेलच्या दोन स्टेशनं अलीकडे, इंग्लंड,
रविवार, २० मे २००७

श्रीमती लीलावतीबाई यांना शांताबाईचा मनापासून जय भीम.

तुमची प्रकृती बरी असणारच. नसती तर तुमच्या फोननं इथल्या फोनची प्रकृती बिघडली असती. गुडघा काय म्हणतो? अमरावतीच्या त्या हाडांच्या डॉक्टरला यावेळी गुडघाच दाखवलात, की पुन्हा त्याच्या पाटीवरचं शुद्धलेखन दुरुस्त करून आलात? इकडे आपली नात वैभवी मजेत आहे. तिला सात दात आलेत आणि सातही तिने माझ्या मनगटावर तपासून घेतलेत. तुमचे जावई, म्हणजे माझा सम्यक, ऑफिसात बसून बसून रुंद होतोय. पत्र मी सांगतेय आणि लिहितेय तुमचीच लेक आसावरी, तेव्हा तिच्याविषयी यात काही वाकडं आढळलं तर ते तिच्या हातचं आहे, मला बोल लावू नये. (इथे तिने पेन खाली ठेवलं. मग उचललं. समजूतदार आहे पोरगी, तुमच्यावर गेलेली नाही.)

विहीणबाई, व्हिसा सहा महिन्यांचा म्हणून आपण दोघी पाळीपाळीने आजीपण करतो, हे ठीकच आहे. माझी पाळी चौदा जूनला संपते, तुमची एकोणीसला सुरू होते. मी निघाले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "शांताबाई, अक्षरओळख नाही, तिथे पाट्या कशा वाचाल?" तर सांगते, इथे पाट्या इतक्या आहेत की कुणीच वाचत नाही. हेल्थ सेंटरच्या दारात एक मोठी पाटी आहे, तिच्यावर म्हणे नऊ भाषांत 'सुस्वागतम' लिहिलंय. सगळी गडबड त्या दहाव्या भाषेची झाली.

आमच्या शेजारच्या घरात मागच्या खोलीत एल्विरा नावाची एक बाई राहते. देश बोलिव्हिया, भाषा स्पॅनिश. नवऱ्यासोबत ऑफिसांची साफसफाई करते, सम्यकचं ऑफिससुद्धा तीच पुसते. रंग आपला, दोन लांब वेण्या, चेहरा थेट कामठीच्या माझ्या मावसबहिणीचा. कुंपणावरून कपडे वाळत घालताना ओळख झाली. तिला इंग्रजी येत नाही, मलाही येत नाही, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. मार्चमध्ये तिला सहावा महिना होता आणि पाय बघितले तर सुजून खांब झालेले. कपाळाला हात लावून ती म्हणाली, "दुएले." आता मला सांगा, दुएले आणि दुखले यात फरक तो काय? एक 'ख' तेवढा बोटीतून येताना समुद्रात पडला असेल. मी नागपूरला तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आयाचं काम केलं. सुजलेले पाय आणि दुखणारं डोकं एका बाईत एकत्र दिसलं की डॉक्टरीणबाई कशा धावायच्या, ते मी पाहिलंय. (तेव्हाही मला वाचता येत नव्हतं. पायांवर काही लिहिलेलं नसतं.)

तिला घेऊन मी हेल्थ सेंटरला गेले. खिडकीतल्या पोरीने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं की ही सासू, ही सून. फॉर्मवर भारतीय म्हणून खूण केली, कारण स्पॅनिश असा रकाना त्या फॉर्मवर नव्हताच. आणि मग मोठ्या अगत्याने दुभाषी बोलावली. लीलावतीबाई, गुजराती दुभाषी! नीनाबेन नावाची, शेजारच्या गावाहून आलेली, हातात फाईल, अंगात कोट. ती एल्विराला गुजरातीत विचारते, केम छो, पेटमां दुखे छे? एल्विरा घाबरलेली, प्रत्येक प्रश्नाला मान डोलावून "सी, सी" म्हणते. त्यांच्यात सी म्हणजे हो. नीनाबेननं काय ऐकलं कोण जाणे, पण तिने नर्सला सांगितलं की पेशंटला थंडी वाजतेय. नर्सने एक घोंगडी आणली.

तिथे माझं डोकं फिरलं. टेबलावरचा रक्तदाबाचा पट्टा उचलला आणि एल्विराच्या दंडाला गुंडाळला. नर्स ओरडली. मी मराठीत ओरडले, आणि मराठी मोठ्याने बोललं की समोरच्याला कळतं, असा माझा अनुभव आहे. (आसावरी म्हणते, कळत नाही, फक्त घाबरतात. काम होतं ना?) नर्सने पट्ट्यात हवा भरली, आकडा बघितला आणि तिचाच चेहरा पांढऱ्याचा आणखी पांढरा झाला. एल्विराला त्याच पावली मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे पाच दिवस राहिली, आता गोळ्या चालू आहेत, जूनच्या शेवटी बाळंत होईल. पण तो दिवस मला सुटेना. मी शेजारी राहते म्हणून ती वाचली. जिच्या शेजारी मी राहत नाही तिने काय करायचं?

म्हणून आम्ही अर्ज केला की इथे एक स्पॅनिश दुभाषी बसवा. इंग्रजी आसावरीचं, राग माझा. कौन्सिलमधून उत्तर आलं की नोंदीप्रमाणे या भागात स्पॅनिश बोलणारे अकरा जण आहेत, अकरांसाठी सोय परवडत नाही. अकरा! अहो, रविवारी त्यांच्या चर्चच्या पायऱ्यांवर अकरा तर नुसती तान्ही पोरं असतात. नोंदीत कुठून येणार? त्यांना खिडकीतली ती पोरगी भारतीय करून ठेवते.

मग मी शिरगणती केली. चार रविवार चर्चच्या दाराशी मी बाकावर बसले, मांडीवर मोठी काचेची बरणी आणि पिशवीत कडधान्यं. शेजारी एल्विरा, येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायला. मोठ्या माणसाचा एक राजमा, पोराचा एक हरभरा, पोटुशी असेल तर एक मोड आलेला वाल. ज्याने एकदा टाकला त्याच्या तळहातावर मी हळदीचा ठिपका द्यायचे, म्हणजे दुबार नको. तो दोन दिवस जात नाही, आणि पुढच्या रविवारी जुने चेहरे एल्विरा ओळखायची. पण धर्मकार्य समजून सगळ्यांनी ठिपका घेतला. एक म्हातारा तर कपाळ पुढे करून उभा राहिला. (तुमच्या लेकीने रविवारी राजमा करायला डबा उघडला तेव्हा तो रिकामा. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.)

गेल्या मंगळवारी सभा होती. मोठ्या साहेबांचं आडनाव वेदरबी. मी त्यांना विदर्भीसाहेब म्हणते, तेवढंच माहेरच्यासारखं वाटतं. आसावरीने सुट्टी काढली होती, माझं बोलणं तीच इंग्रजीत करून सांगत होती. (जरा मवाळ करून सांगत होती. माझ्या लक्षात आलं.) साहेबांनी पुन्हा अकराचा कागद वाचला. मी त्यांच्या टेबलावर बरणी उपडी केली. राजमे धावले, एक थेट त्यांच्या चहात गेला. म्हटलं, मोजा. विहीणबाई, इंग्रज माणसाचं एक मानलं पाहिजे, मोजायला सांगितलं की तो मोजतो. कोट काढला, तिघं बसले आणि अर्धा तास मोजत राहिले. दोनशे सहा राजमे, चौऱ्याऐंशी हरभरे, नऊ वाल. वाल म्हणजे काय ते आसावरीने सांगितलं तेव्हा साहेबांनी ते नऊ वेगळे काढून हळूच रुमालावर ठेवले.

मग म्हणाले, दुभाषी लंडनहून आणावा लागेल, वेळ लागेल. मी म्हटलं, लंडनला कशाला जाता? तुमच्या हेल्थ सेंटरची लादी पुसते ती ग्लोरिया, तीही स्पॅनिशच बोलते, तिकडे कोलंबियात बारा वर्षं नर्स होती. त्या दिवशी नीनाबेन थंडी वाजवत होती तेव्हा ही चार हातांवर पोछा घेऊन उभी होती, इंग्रजीही बोलते, पण मध्ये बोलली तर काम जाईल म्हणून गप्प. साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. तर ठरलं असं: पाच जूनपासून तीन महिने दर मंगळवारी सकाळी ग्लोरिया पोछा न घेता खुर्चीवर बसणार, आणि तिच्या नर्सिंगच्या कागदांचं काय करायचं तेही कौन्सिल बघणार. पण माणसं आली नाहीत तर ऑगस्टअखेर सगळं बंद. बंद होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

वैभवी उठली, म्हणून थांबते. तब्येतीला जपा.

तुमची विहीण,
शांताबाई

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. किती जण आले त्याची हजेरी कौन्सिलच्या बाहेरच्या माणसाने ठेवायची आहे, दर मंगळवारी, तीनही महिने. माझे दोनच मंगळवार उरलेत. तुम्ही चाळीस वर्षं हजेरी घेतलीत, उशिरा येणाऱ्याला तुमच्या नजरेनेच घाम फुटतो. एकोणीस जूनला तुमचं विमान सकाळी सहाला उतरतं, आणि त्या दिवशी मंगळवारच आहे. नऊला पोचाल.

ता. क. दुसरा. झोप विमानात काढा. गुडघ्याचं कारण सांगू नका, हेल्थ सेंटरमध्ये खुर्च्या आहेत आणि डॉक्टरही.

ता. क. तिसरा. विचारायला वेळ नव्हता, म्हणून साहेबांच्या फॉर्मवर तुमचं नाव मी त्याच सभेत देऊन टाकलं. आसावरी वैभवीला घेऊन बाहेर गेली होती, साहेबांनी सहीसाठी शाईचं पेन पुढे केलं, मी शाई अंगठ्याला लावली आणि तुमच्या नावापुढे उठवला. त्यामुळे लीलावतीबाई, एम. ए., बी. एड., निवृत्त मुख्याध्यापिका, या इंग्लंडच्या सरकारी दप्तरात अंगठाबहाद्दर आहेत. हजेरी तुम्ही खुशाल सुवाच्य अक्षरात लिहा. फक्त विदर्भीसाहेब आत आले की पेन पदराखाली घ्या.